वासाचंही संग्रहालय हवं, आणि ते पैठणला हवं

मराठवाड्यात आणखी एक संग्रहालय उभारा असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो आणि दुसरा पाण्याचा. दोन्ही रास्त आहेत, त्यांच्याकडे वळणारच आहे. आधी मागणी काय ती नीट सांगते. पैठणच्या जुन्या गावात, एखाद्या पडून असलेल्या वाड्याच्या दोन-तीन खोल्यांत नैसर्गिक सुगंधी द्रव्यांचं एक छोटं संग्रहालय असावं. तिथे वाळ्याच्या जुड्या असाव्यात, चंदनाचं खोड आणि सहाण असावी. नागरमोथा, कचोरा, कापूरकाचरी, दवणा, मरवा, ऊद, राळ, दगडफूल, केवडा, बकुळ असावी. त्यांच्यापासून निघणारी तेलं आणि अत्तरं असावीत. आणि मुख्य म्हणजे, आलेल्या माणसाला या सगळ्याचा वास घेता यावा.

ही शेवटची अट मी सोडायला तयार नाही. काचेच्या कपाटात पाटी लावून ठेवलेला नागरमोथा पाहण्यात काय आहे? काळपट, तुसं असलेली, सुपारीहून लहान अशी एक गाठ. रस्त्यात पडली असती तर कुणी वाकलंही नसतं. तीच हातात घेऊन नखाने खरवडली आणि नाकाशी नेली की तिचं मोल कळतं. आधी सुकलेल्या लाकडाचा वास येतो, मग मिऱ्याची एक बारीक चुणूक, आणि सगळ्यात शेवटी जमिनीखालच्या गारव्यासारखं काहीतरी, जे बोटांवर संध्याकाळपर्यंत राहतं.

अशी संग्रहालयं जगात आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये मँडी आफ्टेल या नैसर्गिक अत्तरं बनवणाऱ्या बाईंनी २०१७ मध्ये स्वतःच्या घराच्या आवारातच असं एक लहानसं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. जगभरातली शेकडो नैसर्गिक द्रव्यं, जुनी पुस्तकं, जुन्या कुप्या, आणि वास घेण्याची मुभा. सरकारी इमारत नाही, मोठा लवाजमा नाही. फ्रान्समध्ये ग्रास या गावी १९८९ पासून सुगंधांचं मोठं संग्रहालय आहे. व्हर्सायला १९९० मध्ये सुरू झालेल्या ऑस्मोथेकमध्ये तर बाजारातून नाहीशी झालेली अत्तरं थंड तापमानात, आरगॉन वायूखाली जपून ठेवतात. २०१८ मध्ये युनेस्कोने ग्रास परिसराची सुगंधविद्या मानवाच्या अमूर्त वारशात नोंदली. त्या नोंदीत तीन गोष्टी एकत्र धरल्या आहेत: सुगंधी झाडांची लागवड, कच्च्या मालाची पारख व त्यावरची प्रक्रिया, आणि द्रव्यं एकत्र करून सुगंध रचण्याची कला. म्हणजे शेतकरी, व्यापारी आणि कारागीर या तिघांचं ज्ञान मिळून एक वारसा होतो, असं तिथे मान्य झालं आहे. आपल्याकडे हे तिघंही आहेत. फक्त त्यांना कुणी एका खोलीत आणलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, ग्रास कुठे आणि पैठण कुठे. म्हणून थोडं मागे जाऊ या. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध रचण्याच्या विद्येवर, स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० प्रकार होतात, हे गणित त्यात मांडलं आहे. सुगंध हा त्या काळी हिशेबाने करायचा विषय होता, नुसत्या हौसेचा नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याने मानसोल्लास हा ग्रंथ रचला, त्यात उट्या, लेप आणि धूप यांचं सविस्तर वर्णन आहे. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. उमरग्याहून निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल इतकं जवळ. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी गोष्ट. भांडारकर संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर गंधवाद नावाचा एक दुर्मीळ हस्तलिखित ग्रंथ अभ्यासकांपुढे आणला. सुगंधी द्रव्यं कशी करावीत हे सांगणाऱ्या या संस्कृत ग्रंथावर मराठीत टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं विवरण, आहे. गोडे यांनी त्याचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. म्हणजे पाच-सहाशे वर्षांपूर्वी कुणा मराठी माणसाला वाटलं की अत्तर आणि धूप करण्याची विद्या संस्कृत न येणाऱ्यालाही कळली पाहिजे. त्याने ती मराठीत उलगडून लिहिली. आपल्या शाळा-कॉलेजांतल्या किती मराठीच्या प्राध्यापकांनी हे नाव ऐकलं असेल? संतवाङ्मयाचा अभ्यास आपण केला, बखरींचा केला, शाहिरीचा केला. हातांनी करायच्या विद्येवरचं मराठी लेखन मात्र अडगळीत राहिलं.

दिवाळीच्या आधी जालन्याच्या बाजारात काष्ठौषधीच्या एका जुन्या दुकानात उटण्याचं सामान घ्यायला गेले होते. आंबेहळद, कचोरा, गव्हला, नागरमोथा, वाळा, गुलाबकळी, संत्र्याची साल. दुकानातले काका ऐंशीच्या घरातले. मी यादी वाचत होते आणि ते न बघता एकेक खण ओढत होते. कचोऱ्याच्या चकत्या दिल्या, त्या मी नाकाशी नेल्या. ते म्हणाले, “थांबा ताई, हा नका घेऊ, मागच्या सालचा हाय. वास बसला त्याचा.” मग आतून दुसरी गोणी काढली. दोन्ही चकत्या दिसायला सारख्या. वासात मात्र एक जिवंत होती आणि दुसरी नुसता भुसा. मी विचारलं, तुमच्यानंतर हे कोण बघणार? “पोरगं मोबाइलच्या दुकानात बसतंय. त्याला तयार पाकीट इकायला सोपं वाटतंय.” तयार पाकिटातल्या उटण्यात काय असतं, हे पाकिटावर नीट लिहिलेलं नसतं आणि वासावरून ओळखायला आता फार जण उरलेले नाहीत.

या काकांच्या नाकात जे आहे ते कुठल्याही पुस्तकात उतरलेलं नाही, उतरणारही नाही. प्रयोगशाळेतलं यंत्र तेलातले रेणू वेगळे करून दाखवतं, त्यांचं प्रमाण सांगतं. पण हा कचोरा यंदाचा की गेल्या वर्षीचा, हा वाळा नदीकाठचा की कोरड्या रानातला, ही पारख एका नाकातून दुसऱ्या नाकाकडेच जाते. शेजारी बसून, दोन्ही हुंगून. तो शेजार जिथे मिळेल अशी जागा म्हणजे मला हवं असलेलं संग्रहालय.

मराठवाड्याचा यात स्वतःचा वाटा किती आहे, हे आपल्यालाच माहीत नाही. आमच्या काळ्या मसाल्यात दगडफूल पडतं. ते फूल नसतं, झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारं शैवाक (लायकेन) असतं. हेच दगडफूल उत्तर प्रदेशातल्या कनौजच्या शमामा अत्तरात छडीला या नावाने जातं. युरोपच्या अत्तरातही ओकच्या झाडावरच्या शैवाकाला मोठा मान आहे. म्हणजे मसाला भाजताना स्वयंपाकघरात जो मातकट, गडद वास सुटतो, तो अत्तर करणाऱ्यांच्या कामाचा माल आहे. किनवट-माहूरच्या जंगलात सालई आहे. अरबस्तानातून जगभर गेलेला धूप ज्या झाडाचा, ते आणि सालई बॉसवेलिया या एकाच वंशातले. अजिंठ्याच्या डोंगरात रोशा गवत उगवतं. एकोणिसाव्या शतकात खानदेशातून आणि मध्य भारतातून या गवताचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिकडे गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं, इतका त्याचा वास गुलाबाजवळचा. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात हे लक्षात घेतलं की रोशाला मागणी का होती ते कळतं. आणि नागरमोथा? आमच्या शेतातला लव्हाळा त्याच कुळातला. ज्याच्या नावाने शेतकरी बोटं मोडतो, खुरपून दमतो, शेवटी तणनाशक मारतो, त्याच्या जातभाईचं तेल परदेशी अत्तरांत पडतं. हे त्याच्या मुलीला शाळेच्या सहलीत कळलं तर ती बांधावरचं गवत पुन्हा एकदा उपटून पाहील.

बुक्क्याबद्दल थोडं जास्त बोलते. कोळशाची बारीक पूड आणि तिच्यात चंदन, नागरमोथा, कचोरा, दवणा अशी द्रव्यं. प्रत्येक करणाऱ्याचं प्रमाण वेगळं. नाथषष्ठीला पैठणमध्ये लाखो कपाळांवर हा बुक्का लागतो. हा बुक्का, कुंकू, उदबत्त्या, अत्तरं जत्रेजत्रेत विकण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या अत्तारांचा, आणि अत्तार बहुतेक मुसलमान. परभणीच्या उरुसात, खुलताबादच्या उरुसात संदल निघतो तेव्हा तबकात उगाळलेलं चंदनच असतं. देवघरातल्या सहाणेवर उगाळलं की ते गंध, दर्ग्यात नेलं की संदल. गेली काही वर्षं आमच्याकडे इतिहास म्हटला की आवाज चढतात. गावांच्या नावांवरून, थडग्यांवरून, तारखांवरून माणसं एकमेकांच्या अंगावर येतात. चंदनाचं खोड आणि बुक्क्याची पुडी यांच्यावरून कुणी भांडत नाही, कारण दोन्ही घरांत ती आहे. मुलांना दाखवायला असा इतिहास आपल्याकडे असताना तो का दाखवत नाही, हा माझा खरा सवाल आहे.

कृत्रिम सुगंधांशी माझं वैर नाही, हे इथेच सांगितलं पाहिजे. १८६८ मध्ये विल्यम पर्किनने कुमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं, त्यानंतर सहा वर्षांनी व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन झालं, आणि सुगंध राजवाड्यांतून सामान्य घरात आला. कृत्रिम कस्तुरीने कस्तुरीमृगाचा जीव वाचवायला हातभार लावला. मजुराच्या घरात आज उदबत्ती जळते ती स्वस्त द्रव्यांमुळेच. वाईट एवढंच की नकल इतकी सगळीकडे पसरली की अस्सल ओळखायची सवयच गेली. संभाजीनगरात शहागंजच्या अत्तरवाल्याकडे खस, म्हणजे वाळ्याचं अत्तर, मागितलं तर तो बाटली पुढे करतो. ती वाळ्याची की हिरव्या रंगाच्या रसायनाची, हे विचारायला गिऱ्हाइकाकडे नाक उरलेलं नाही. चंदनतेल महागलं तसं अत्तराचा पाया म्हणून पॅराफिन आलं, आणि आपण ते मनगटावर घासून “वा” म्हणतो. उन्हाळ्यात कूलरच्या जाळीत वाळा असायचा, पाणी सुटलं की खोलीभर तो वास. आता लाकडाचा भुसा किंवा कागदी पुठ्ठा. माठात वाळ्याची जुडी टाकलेली दहा वर्षांच्या मुलाने पाहिली असेल तर ते मूल नशीबवान.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, लाखो लोकांचा वास गेला तेव्हा काय होतं हे आपण घरोघर पाहिलं. फोडणीचा वास येत नाही म्हणून रडलेल्या बायका मला माहीत आहेत. तेव्हा डॉक्टर वास परत यावा म्हणून लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी रोज हुंगायला सांगत. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. म्हणजे नाकाला सराव देता येतो, ते घडवता येतं. शाळेत चित्रकलेला तास आहे, संगीताला आहे, वासाला काहीच नाही.

आता पैसा. ज्या भागात शेतकरी आत्महत्या करतो, तिथे अत्तराचं संग्रहालय ही चैन आहे, असं मला एका सभेत ऐकवलं गेलं. बोलणाऱ्याच्या मनातली कळकळ खरी होती. पण संग्रहालयाला लागणारा पैसा पाणीयोजनेतून काढायचा नसतो, आणि दुष्काळी माणसाने फक्त पोटाचाच विचार करावा ही अपेक्षा त्याचा अपमान करणारी आहे. आमची आजी दुष्काळातही दाराशी सबजा आणि मरवा लावायची, भांडी धुतलेलं पाणी त्याला घालायची. शिवाय मी जे मागते आहे ते खरोखर लहान आहे. तेर या गावी काय झालं ते आठवा. धाराशिव जिल्ह्यातल्या या प्राचीन तगर नगरीत गावकरी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू गोळा करून ठेवल्या, म्हणून आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नातं सांगणारी मूर्ती त्या संग्रहात आहे. आधी एका माणसाचा ध्यास, मग वस्तू, मग इमारत. आपल्याकडे हल्ली उलटं होतं. आधी कोटींची इमारत, मग उद्घाटनाची कोनशिला, आणि आत ठेवायला काही नाही म्हणून कुलूप. सुगंधाचं भव्य ‘पार्क’ करू म्हणून कुणी पुढे आलं तर मी विरोध करीन.

पाण्याचं आणि शेतीचं उत्तरही सरळ देते. हे संग्रहालय शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवेल, असं मी म्हणणार नाही, आणि कुणी तसं म्हणून निधी मागू नये. सुगंधी पिकांच्या नावाखाली रोपं गळ्यात मारून, माल विकत घेण्याची हमी देऊन नंतर फोन न उचलणारे व्यापारी आमच्या गावांनी पाहिले आहेत. चंदनाचीही तीच गत. झाड परजीवी, शेजारच्या तुरीच्या, कडुलिंबाच्या मुळांवर जगतं. गाभा भरायला पंधरा वर्षं लागतात. भरला की रात्रीतून चोर कापून नेतात. हे सगळं संग्रहालयात लिहिलेलं असावं, नीट, शेतकऱ्याला समजेल असं. रोशाला पाणी किती, वाळा नाल्याकाठची माती कशी धरून ठेवतो, तो उपटला तर तीच माती कशी वाहून जाते, डिस्टिलेशनला किती लाकूड जळतं. खरी माहिती एका ठिकाणी मिळाली तर निदान फसवणाऱ्याला चार प्रश्न विचारता येतील.

काय ठेवू नये, याचीही यादी हवी. कस्तुरी नको, कायद्यानेही नको आणि माणुसकीनेही. तिच्याऐवजी कस्तुरभेंडीच्या बिया ठेवाव्यात, त्यांना खरोखर तसा वास असतो. हिमालयातली जटामांसी आणि कोष्ठ अतिखुडणीने संकटात आली आहेत, त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. ती दाखवायची तर लागवडीतली, कागदपत्रं पाहून, आणि का कमी झाली हे सांगून.

पैठणच का, असंही विचारतात. संभाजीनगरात प्रवासी जास्त येतात हे खरं. पण पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावं आहेत. तिथून माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा आणि पुढे जहाजाने रोमकडे. सुगंधी द्रव्यं ज्या समुद्रव्यापारात फिरत होती, त्याच व्यापाराचं हे गाव. पैठणीमुळे कारागिरी बघायला लोक इथे येतातच. नाथषष्ठीला बुक्का येतो, जायकवाडीमुळे चाफा-केवड्याला पाणी आहे, कुंभार आहेत.

कुंभारांचं नाव मुद्दाम घेतलं. कनौजमध्ये मातीचं अत्तर काढतात. अर्धवट भाजलेल्या मातीच्या चकत्या तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाण्याबरोबर घालतात, झाकण मातीने लिंपून घेतात, खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, भपक्यात, म्हणजे पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, उतरते. भपक्यात चंदनतेल असतं, ते मातीचा वास धरून ठेवतं. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं, तेव्हा भारतातल्या या अत्तराची दखल त्यांनी घेतली होती. गोदाकाठची माती, पैठणच्या कुंभाराची भट्टी आणि एक लहान डेग एवढ्यावर हे अत्तर इथेही काढता येईल. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, लोकांसमोर. डेग लिंपायची कशी, जाळ कुठे मंदावायचा, भपका पाण्यात कधी फिरवायचा, हे पाहायला मुलं बसतील. कनौजचा एखादा कारागीर पहिल्या दोन वर्षांसाठी बोलावता येईल, त्याला योग्य मानधन द्यावं.

एक अडचण खरीच आहे आणि ती इतर संग्रहालयांना नसते. नाणं दोनशे वर्षं तसंच राहतं, वाळा राहत नाही. तेलं उजेडाने, उष्णतेने बिघडतात, आणि आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. म्हणून जाड भिंतींचा वाडा, तळघर असलं तर उत्तम. गडद काचेच्या लहान कुप्या. आणि मुळं-साली दरवर्षी बदलायची ठाम सवय. जुना माल फेकून न देता नव्याशेजारी ठेवावा, म्हणजे ‘वास बसला’ म्हणजे काय ते कळेल. यासाठी पगारी माणूस हवा, आणि त्याची निवड पदवीवरून न करता नाकावरून करावी. असा माणूस काष्ठौषधीच्या दुकानात किंवा अत्ताराच्या घरात सापडेल.

नगरपरिषदेने जागा द्यावी. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या लोकांनी प्रत्येक द्रव्याची ओळख पटवून द्यावी, कारण बाजारात एकाच नावाने तीन-तीन मुळं विकली जातात. इमारतीला पहिलं वर्षभर हात लावू नये. आधी आठही जिल्ह्यांतल्या काष्ठौषधीवाल्यांकडे, अत्तारांकडे, बुक्का करणाऱ्या घरांत जाऊन बसावं. कुठलं द्रव्य कुठून येतं, खरं-खोटं कसं ओळखतात, प्रमाण काय, हे त्यांच्याच शब्दांत नोंदवावं, नमुना घ्यावा, नाव आणि गाव लिहावं, त्यांना मोबदला द्यावा. एकट्या पैठण तालुक्यापुरतं हे काम कॉलेजची चार पोरं-पोरी नाथषष्ठीच्या आत उरकतील, आणि षष्ठीच्या गर्दीत वाड्याच्या ओसरीवर पहिली वीस-पंचवीस द्रव्यं मांडून बसता येईल.